आधी हरीण, मग डार्सी

१४ ऑक्टोबर, रविवार. सकाळी दहा.

थर्मोडायनॅमिक्सच्या वहीची पहिली अकरा पानं फाडून टाकली. बाकीची कोरीच होती. आजपासून ही रोजनिशी. कॉलेजचा एवढा तरी उपयोग झाला.

आईचं म्हणणं, मी तिसऱ्या सेमिस्टरला कॉलेजमधून पळून आलो. साफ खोटं. मी चालत आलो. प्रोफेसर म्हणाला, क्रॅट्झर, तुझं गणित चुकलंय. मी म्हटलं, तुमचं आयुष्य चुकलंय. त्यानंतर तिथे बसण्यात अर्थ नव्हता. सध्या फीड मिलवर गाई-कोंबड्यांच्या खाद्याची पोती उचलतो. तात्पुरतं. चौदा महिने झाले.

निश्चय एकच. नाताळनंतरच्या चकमकीच्या हंगामात, जेव्हा फक्त चकमकीच्या दगडाने उडणाऱ्या जुन्या बंदुका चालतात, हरीण मारायचं. डार्सी येगरच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने घडवलेल्या बंदुकीने मारायचं, रानातल्या शिकारीच्या येगर कॅम्पच्या अंगणातल्या वाशावर टांगायचं, हात धुवायचे आणि डार्सीला विचारायचं. त्याआधी एक अक्षर नाही. रिकाम्या हाताने मागणी घालणारा माणूस भिकारी दिसतो. आधी हरीण, मग डार्सी. फायनल.

डार्सी पंधरा जानेवारीला वायोमिंगला जाणार आहे, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. हंगाम बारा जानेवारीला संपतो. म्हणजे तिला थांबवायला तीन दिवस हातात. भरपूर.

काल ती मिलवर आली ती किप लॉव्हरच्या ट्रकमधून. स्वतःचा ट्रक असताना. जरा विचार केला, कारण सापडलं. तिच्या ट्रकचा हीटर बिघडलेला असणार. सकाळी गारठा होताच. व्यवहारी मुलगी.

१५ ऑक्टोबर, सोमवार.

माझी दुर्बीण लावलेली रायफल देऊन टाकली आणि म्हाताऱ्या येगरकडून ठासणीची बंदूक आणली. मेपलचं लाकूड, पितळेची पट्टी, हातभर लांब नळी. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, कानाशी, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकाशी, चिमूटभर बारीक दारू ठेवायची. ती रंजक. घोड्याच्या जबड्यात चकमकीचा दगड. चाप ओढला की दगड पोलादावर आपटतो, ठिणगी, रंजक पेटते, मग आतली दारू, मग गोळी. दोनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज असंच करायचे. नेम धरायला नळीच्या टोकावर एक माशी, बस्स. काच नाही, बॅटरी नाही.

म्हातारा म्हणाला, पोरा, ही बंदूक घाईच्या माणसाची नव्हे. चाप ओढल्यावर गोळी सुटेपर्यंत मध्ये एक श्वास जातो. त्या एका श्वासात जो हलला तो गेला. मी म्हटलं, मिस्टर येगर, माझ्याइतका शांत माणूस या खोऱ्यात नाही. हे बोलताना उठलो तर त्यांचं स्टूल उलटलं आणि वार्निशची बाटली फुटली. पण मुद्दा त्यांच्या लक्षात आला असावा. ते काचा वेचायला लागले.

२० ऑक्टोबर, शनिवार.

आजपासून ऑक्टोबरचा शिकारीचा आठवडा. यात ठासणीची कुठलीही बंदूक चालते, म्हणजे किपची चंगळ. त्याच्या हत्याराला मी बंदूक म्हणत नाही. स्टीलचा पाईप. दारूच्या तयार वड्या टाकायच्या, मागून टोपी लावायची, वर वीतभर दुर्बीण. पाण्यात बुडवून काढली तरी उडते. त्याने दीडशे यार्डांवरून मादी मारली. दीडशे! त्या हरिणीला आपण कोणाकडून मेलो हेसुद्धा कळलं नसेल.

वाईट याचं वाटलं की म्हातारा येगर त्याच्याबरोबर होता. किप लोणी लावतोय. आपली बंदूक त्याच्या हातात दिली, दुर्बिणीतून बघा म्हणाला. म्हातारा बराच वेळ बघत उभा. समोर ओकची झाडी. मग हळूच म्हणाला, अरे, पानं दिसतायत. एकेक पान दिसतंय. डोळ्यांत पाणी होतं. पन्नास वर्षं चकमकीची बंदूक घडवणाऱ्या माणसाच्या हातात हे यंत्र देणं म्हणजे अपमान आहे. मला त्याचं दुःख कळलं. मी किपकडे असं बघितलं की त्याला कळलं असेल. तो म्हणाला, एमेट, तुझ्या दाताला पालक लागलाय.

२८ ऑक्टोबर, रविवार.

चर्चच्या जुन्या वस्तूंच्या सेलमध्ये कॅमेरा मिळाला. झाडाला बांधायचा; समोरून काही हललं की फोटो काढतो आणि मोबाईलवर पाठवतो. मागे चिकटपट्टीवर पासवर्ड लिहिलेला होता आणि 'के. एल.' अशी अक्षरं. मॉडेल नंबर असावा. पासवर्ड टाकला, लगेच चालू.

यात तत्त्वाला बाध येत नाही. कॅमेरा गोळी मारत नाही. पणजोबासुद्धा धाकट्या भावाला टेकडीवर बसवायचे की हरीण आलं तर सांग म्हणून. मला भाऊ नाही.

एकच अडचण. येगर कॅम्पचा नियम आहे की चकमकीच्या हंगामात रानात मोबाईल न्यायचा नाही. दाराशी प्रेट्झेल बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवलेला असतो, त्यात सगळ्यांनी आपापला फोन टाकायचा. माझ्याकडे जुना बंद पडलेला फोन आहे. तो डब्यात टाकेन. नियमात चालू फोन टाका असं कुठेही म्हटलेलं नाही.

९ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळ.

आज माझ्या आयुष्यातला मोठा दिवस.

शिकारी क्लबची मीटिंग. ठराव होता की पुढच्या वर्षापासून नाताळनंतरच्या हंगामातही नव्या बंदुका आणि दुर्बिणी चालू कराव्यात, असं पत्र क्लबने राज्याच्या शिकार खात्याला पाठवावं. ठराव कोणाचा ते सेक्रेटरीने वाचलं नाही. माझं रक्त खवळलं. खुर्चीवर उभा राहिलो. बारा मिनिटं बोललो. परंपरा म्हणजे काय, पूर्वज म्हणजे काय, थंडीत बोटं गोठणं म्हणजे काय, सगळं आलं. शेवटी म्हटलं, ज्याला नळीच्या टोकावरची माशी दिसत नाही त्याने घरी बसून स्वेटर विणावेत!

म्हातारा येगर उठला, टोपी घालून भिंत चाचपत बाहेर गेला. भावना अनावर झाल्या असाव्यात. डार्सी त्याच्यामागे धावली. दारात माझ्याजवळ थांबून म्हणाली, एमेट, तू गप्प बसलास ना की किती बरा दिसतोस.

ती म्हणाली मी बरा दिसतो.

ठराव चौदा विरुद्ध अकरा मतांनी पडला. माझ्यामुळे. बाहेर किप डार्सीला आणि म्हाताऱ्याला आपल्या ट्रकमध्ये बसवत होता. हीटर अजून दुरुस्त झालेला दिसत नाही.

१२ नोव्हेंबर, सोमवार.

आईने जेवताना सांगितलं की तो ठराव म्हाताऱ्या येगरनेच मांडला होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध काळा डाग पडलाय, कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. ऑपरेशन नाही, इलाज नाही. दुर्बीण असती तर शिकारीचे एखाद-दोन हिवाळे निघाले असते. आई म्हणाली, भर सभेत स्वेटर विणायला सांगितलंस त्या माणसाला. जा आणि माफी माग.

रात्रभर विचार केला नाही, पण अर्धा तास केला. असा माणूस स्वतःच्या परंपरेविरुद्ध ठराव मांडेल? शक्य नाही. त्याने आमची परीक्षा घेतली. कोण ठाम उभं राहतं ते बघायला. पंचवीस माणसांत एकटा मी खुर्चीवर उभा राहिलो.

माफी मागायला गेलो तर परीक्षा कळली असं होईल. नको.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार.

काल थँक्सगिव्हिंग. आज येगरांच्या मागच्या शेतात नेमबाजीचा सराव. डार्सी बघत होती. गोळी व्यवस्थित चिंधीत गुंडाळली, गजाने ठासली, रंजक ठेवली, चाप ओढला. फुस्स. पुन्हा रंजक, पुन्हा फुस्स. चौथ्या वेळी लक्षात आलं की आत दारू ओतायची राहिली. गोळी मात्र अप्रतिम ठासली होती. निघेना.

डार्सी म्हणाली, दारू ओतताना तू काय करत होतास? खरं उत्तर होतं, तुझ्याकडे बघत होतो. पण हरणाआधी बोलायचं नाही. म्हटलं, वाऱ्याचा अंदाज घेत होतो. तर ती हसून म्हणाली, मग गोळी काय वाऱ्यानेच उडवणार होतास?

तिथेच उभ्या असलेल्या किपने खिशातून गॅसचं छोटं नळकांडं काढलं, बंदुकीच्या कानाशी लावलं, फुस्स केलं, गोळी टपकन बाहेर. टेक्नॉलॉजीची मदत झाली हे खरं. पण मी मागितली नव्हती. फक्त नको म्हटलं नाही.

७ डिसेंबर, शुक्रवार.

मास्टरस्ट्रोक. भंगारच्या अड्ड्यावर डार्सीच्या ट्रकचंच मॉडेल सापडलं, पुढून चेपलेलं. दोन तास झटून त्याच्या हीटरचा पंखा आणि मोटार काढली. बोट कापलं. हरीण टांगल्यावर अंगठीच्या ऐवजी हे तिच्या हातात देणार. अंगठी कोणीही देतो. वायोमिंगला निघालेल्या मुलीचा हीटर दुरुस्त करणं म्हणजे काय ते तिला कळेल. हीटर दुरुस्त झाल्यावर ती वायोमिंगला जाणार कशाला, हा मुद्दा अजून नीट जुळलेला नाही. होईल.

आईला तो पंखा खाटेखाली सापडला. म्हणाली, हे काय? म्हटलं, भविष्य. म्हणाली, भविष्याला उंदराची लेंडी लागलीय.

२५ डिसेंबर, मंगळवार.

डार्सीने शर्ट दिला! लाल-काळ्या चौकटीचा, लोकरीचा, माझ्या मापाचा. म्हणाली, डॅडचा बहुतेक शेवटचा हंगाम, म्हणून कॅम्पवर येणाऱ्या सगळ्यांना सारखे घेतलेत. नऊ जणांना. मला एकट्याला दिला असता तर बोभाटा झाला असता. त्यासाठी तिने आठ जास्तीचे शर्ट घेतले. इतकी हुशार मुलगी या खोऱ्यात दुसरी नाही.

उद्यापासून हा शर्ट. हंगाम संपेपर्यंत अंगातून काढणार नाही.

२६ डिसेंबर, बुधवार. हंगामाचा पहिला दिवस.

कॅम्प. पहाटे स्क्रॅपल, म्हणजे डुकराच्या मांसाचे तळलेले काप, आणि अंडी. जुना फोन डब्यात टाकला, खरा छातीच्या खिशात.

भिंतीवर शर्टांची शेपटं. ज्याचा नेम चुकतो त्याच्या अंगातल्या शर्टाचा मागचा पल्ला कापून, त्यावर नाव आणि तारीख लिहून भिंतीला ठोकतात. कॅम्पवरच्या सर्वांत तरुण बाईने कापायचा, हा इथला रिवाज. सर्वांत जुना तुकडा १९३१चा. म्हाताऱ्या येगरचाही एक आहे, १९६४चा, निळ्या डेनिमचा. म्हातारा तिथे उभा राहून बोटांनी एकेक शेपूट चाचपत नावं सांगत होता. एकही चुकला नाही.

मी सगळ्यांदेखत जाहीर केलं, या भिंतीवर क्रॅट्झर नाव कधी लागणार नाही. किप म्हणाला, आमेन. त्याचा आवाज मला आवडला नाही.

माझी जागा कॅम्पपासून हाकेच्या अंतरावर, हेमलॉकच्या झाडाच्या तुटक्या खोडापासून तीस पावलं; कॅमेरा त्या खोडाकडे रोखलेला. अकरा वाजता मादी आली. चाळीस पावलं. घोडा पडला. ठिणगी नाही. बर्फाने रंजकेचा चिखल. मादी माझ्याकडे बघत उभी होती, जणू पुढे काय होतं ते बघायला. मग कंटाळून गेली.

गोळी सुटलीच नाही, तेव्हा नेम चुकला असं म्हणता येत नाही. शर्ट शाबूत. तांत्रिक विजय.

म्हातारा रानात गेलाच नाही. ओसरीवर घोंगडं घेऊन बसला होता. बंदूक नव्हती.

२९ डिसेंबर, शनिवार.

हरीण नाही. वेळ वाया घालवला नाही. हेमलॉकच्या खोडापाशी जाऊन, त्याला डार्सी समजून मागणीची तालीम केली. एकदा उभा राहून, एकदा एका गुडघ्यावर, एकदा दोन्ही गुडघ्यांवर. दोन्हीवर जरा चर्चसारखं वाटतं. एकच ठीक. 'डार्सी, हे हरीण तुझ्या बापाच्या बंदुकीने आणि माझ्या हृदयाने मारलंय.' हे वाक्य उत्तम आहे. तिसऱ्यांदा म्हणताना मीच टोपी काढली.

कॅमेऱ्याकडून आज अडतीस फोटो. सगळे माझे.

१ जानेवारी, मंगळवार.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी डुकराचं मांस आणि आंबवलेली कोबी खाल्ली की वर्ष चांगलं जातं, असं आमच्याकडे मानतात. मी रानात होतो. घरी आलो तर पातेलं रिकामं. आई म्हणाली, वाट बघून शेजाऱ्यांच्या कुत्र्याला दिलं. त्याचं वर्ष चांगलं जाणार आहे.

काल फीड मिलवर समजलं की किपलाही वायोमिंगमध्ये नोकरी लागली. पवनचक्क्यांवर. हा योगायोग. वायोमिंग खूप मोठं राज्य आहे. नकाशा काढून बघितला. तिचं गाव आणि त्याचं गाव यांच्यात चांगलं बोटभर अंतर आहे. माझं बोट तसं जाड.

५ जानेवारी, शनिवार.

पाऊस आणि बर्फ एकत्र. रंजक तीनदा बदलली. हे असंच चाललं तर डार्सी हातची जाईल. वैतागून एक गोष्ट केली. इथे लिहितो कारण इथे कोणी वाचणार नाही. किपच्या पिशवीतून त्याच्या दारूच्या दोन वड्या घेतल्या आणि माझ्या नळीत टाकल्या. एकदाच. पावसाविरुद्ध. पूर्वजांना असल्या वड्या मिळाल्या असत्या तर त्यांनीही टाकल्या असत्या.

दोन वाजता दोन माद्या आल्या. चाप ओढला. रंजक पेटली, आत काहीच नाही. चकमकीच्या ठिणगीने वड्या पेटत नाहीत, हे डब्यावर लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात.

संध्याकाळी म्हातारा म्हणाला, दे इकडे, साफ करतो, माझ्या हातांना अजून दिसतं. नळी उलटी करून गजाने खरवडली. तळहातावर काळा चुरा पडला. चोळून बघितला, हुंगला. म्हणाला, माझ्या बंदुकीत ही वडी कोणी घातली?

मी किपचं नाव घेतलं. तोंडातून निघून गेलं. किपने माझ्याकडे बघितलं, मग डार्सीकडे, आणि म्हणाला, हो मिस्टर येगर, वड्या माझ्याच.

बघा. विचारल्याबरोबर कबूल केलं. मनात पाप असल्याशिवाय माणूस असा पटकन कबूल होत नाही.

म्हाताऱ्याने बंदूक पुसून माझ्याच हातात दिली. माझा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला. काय बोलायचं होतं कोण जाणे. जेवण गेलं नाही. जेवणानंतरचा गोड पाई चांगला झाला होता म्हणे.

१२ जानेवारी, शनिवार. पहाटे पाच.

शेवटचा दिवस. कोरडी थंडी, वारा शून्य. दारू ओतली, दोनदा खात्री केली. नवी चकमक. हीटरचा पंखा स्वच्छ धुऊन रिबन बांधली, ट्रकच्या मागच्या सीटवर ठेवला. आज होणार. माझं मन सांगतं. माझ्या मनाने याआधीही सांगितलं होतं, पण तेव्हा ते ओरडत होतं. आज शांत आहे.

तोच दिवस. दुपारी तीन.

नर. आठ टोकांची शिंगं. पावणेनऊला आला. हेमलॉकपाशी आडवा उभा, तीस पावलं. अंगातून वाफा निघत होत्या. इतकं सुंदर जनावर मी जन्मात बघितलं नव्हतं. माशी त्याच्या खांद्यामागे टेकवली. हात थरथरत नव्हता. खरंच नव्हता. घोडा ओढलेला. चाप दाबला.

टिंग.

छातीच्या खिशात मोबाईल. रंजक पेटली आणि गोळी सुटायच्या आधीच्या त्या एका श्वासात मी खाली खिशाकडे बघितलं.

धूर निवळला तेव्हा हरीण नव्हतं. गोळी हेमलॉकच्या खोडात. ज्याला मी एकोणतीस तारखेपासून मागणी घालतोय त्याच खोडात, छातीच्या उंचीवर.

मोबाईल काढून बघितला. कॅमेऱ्याने फोटो पाठवला होता. माझ्यासमोर तीस पावलांवर हरीण उभं आहे, हे मला कळवण्यासाठी.

१३ जानेवारी, रविवार.

कालचं उरलेलं.

कॅम्पवर पोचलो. रक्ताचा माग काढला होता, दोन तास. थेंब नाही, केस नाही. म्हटलं सांगावं, बंदूक उडालीच नाही. पण म्हातारा ओसरीवर बसला होता. पायऱ्या चढायच्या आत म्हणाला, तुझा बार ऐकला पोरा. आधी फुस्स, मग धडाम. छान लांब बार होता. मध्ये हललास.

मी हो म्हटलं.

आणि त्याआधी काहीतरी टिंग वाजलं, असं म्हणाला. कान अजून चांगले आहेत माझे.

रिवाजाप्रमाणे मला स्टुलावर उभं केलं. डार्सीने कात्री आणली. मी म्हटलं, हा शर्ट नको, दुसरा घालून येतो. सगळे हसले. अंगातलाच कापायचा असतो, एमेट, नाहीतर जो तो चिंध्या घालून नेम चुकवेल, असं डार्सी म्हणाली. कात्री पाठीवरून गेली, गार लागली. मला वाटलं होतं की तिचा हात थबकेल. थबकला नाही. सरळ कापते. जनावरांच्या दवाखान्यात शिकलेली.

म्हाताऱ्याने भिंत चाचपून आपल्या १९६४च्या तुकड्याशेजारी जागा शोधली आणि स्वतः खिळा ठोकला. अंगठ्यावर एक घाव बसला, ओरडला नाही. म्हणाला, इथे ऊन येत नाही, रंग टिकेल. मग जरा हळू म्हणाला, पुढच्या वर्षी माझ्या जागेवर बस. मला आता आवाजच पुरे. मला त्या मीटिंगबद्दल काहीतरी बोलायचं होतं. वाक्य जुळवत होतो. तोवर पाई आला आणि सगळे टेबलाकडे गेले.

किप डब्यातून आपला फोन घेऊन माझ्याजवळ आला, ओसरीवर चल म्हणाला. तो कॅमेरा त्याचा होता. त्याच्या बहिणीने विचारल्याशिवाय चर्चच्या सेलला दिला. के. एल. म्हणजे किप लॉव्हर; खातं त्याचंच, पासवर्ड त्याचाच, म्हणून ऑक्टोबरपासून प्रत्येक फोटो त्याच्याकडेही येत होता. आधीच सांगायला हवं होतं, पण कसं सांगायचं ते कळेना म्हणाला. कुणाला दाखवले नाहीत. डार्सीलाही नाही. म्हणाला, आवाज येत नाही त्यात, फक्त फोटो. पण गुडघ्यावर बसलेला माणूस आवाज नसला तरी कळतो रे. मी सगळे पुसून टाकलेत.

मारायला हात उचलला. पाठ उघडी पडली आणि कापलेल्या जागेतून वारा थेट आत गेला. हात खाली घेतला.

तो वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं.

माझा ट्रक चालू होईना. तीन आठवडे त्यातच मोबाईल चार्ज करत होतो, बॅटरी बसली. डार्सी म्हणाली, चल, सोडते तुला, नाहीतरी पाठ गारठेल तुझी. तिचा स्वतःचा ट्रक. पहिल्यांदाच बसलो. पुढे सामानाची खोकी, त्यांच्यावर तिच्या अक्षरात 'स्वयंपाकघर', 'किपचे बूट', 'डॅडचा फोटो'. पंखा माझ्या मांडीवर, रिबनसकट. कशासाठी आणला म्हणून तिने विचारलं. म्हटलं, भंगारात द्यायचाय.

फीड मिलच्या वळणापर्यंत मी रिबनची गाठ सोडवत होतो. पाय गरम झाले. मग कान. पाठीवर जिथे शर्ट नाही तिथेही ऊब लागत होती.

म्हटलं, हीटर कधी दुरुस्त केलास?

ती म्हणाली, कधी बिघडला होता?

मी पुढे बघत राहिलो. उकडायला लागलं असावं. तिने खिडकीची काच थोडी खाली केली.